देग चढते, कोठी कधी भरणार?

मराठवाड्यात दुष्काळ पडो, अतिवृष्टी होवो किंवा लॉकडाऊन लागो, आपल्या मोहल्ल्यांतली देग लगेच चढते. तरुण मुले रात्र रात्र जागून पाकिटे भरतात, बायका घरचे पीठ काढून देतात, व्यापारी मंडळी हात आखडता घेत नाहीत. या खिदमतीचे मोल कोणी कमी करू नये. पण देग उतरल्यानंतर त्याच घरात उद्या काय शिजणार? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मजुरी थांबल्यावर काय शिजणार? पावसाळ्यात बांधकामे बंद पडतात, हमाली कमी होते, तेव्हा त्या चुलीचे काय होते? याचा लिखित हिशोब आपल्या किती मोहल्ल्यांकडे आहे, हा आजचा प्रश्न आहे.

उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत हा प्रश्न विचारायला सोयीची जागा आहे. येथे नोकरदारांचे बंगले आहेत, त्यांच्या मागे भाड्याच्या खोल्या आहेत, पीर बाजारात दिवसाच्या कमाईवर दिवस काढणारी माणसे आहेत. मुस्लिम, बौद्ध, शीख, हिंदू अशी शेजारपाजारची वस्ती आहे. एका गल्लीत अन्न उरते आणि दुसऱ्या गल्लीत महिनाअखेर उसनवारी सुरू होते. राज्याच्या अन्नसुरक्षेची चर्चा मंत्रालयात होते, पण ती खरी ठरते की खोटी, याचा निकाल अशा गल्लीत लागतो.

रोटी बँकेने काय शिकवले

आपल्याच शहरात एक चांगले उदाहरण आहे. डिसेंबर 2015 मध्ये युसूफ मुकाती यांनी हारून मुकाती इस्लामिक सेंटरच्या माध्यमातून बायजीपुरा भागात रोटी बँक सुरू केली. सुरुवातीला सुमारे 250 कुटुंबे सभासद झाली. अट साधी होती: घरात जे ताजे शिजते त्यातूनच किमान दोन रोट्या आणि भाजी किंवा सालन आणून द्यायचे. शिळेपाके चालणार नाही. घेणाऱ्याला धर्म विचारायचा नाही. लग्नकार्यात उरलेले चांगले अन्नही स्वीकारायचे. ही बातमी देशभर गेली आणि इतर शहरांतही अशा बँका निघाल्या.

रोटी बँकेचे यश कशात होते? मोठ्या देणगीदारावर ती उभी नव्हती. लहान वाटा, पण नेमाने, आणि पुष्कळ घरांतून, हे तिचे सूत्र होते. घेणाऱ्याचा मानही तिने जपला. ही दोन तत्त्वे पुढच्या कोणत्याही कामात सोडता येणार नाहीत.

पण रोटी बँक आजची भूक भागवते. ज्या बाईला चार मुले आहेत आणि जिचा नवरा कामावरून पडून जायबंदी झाला आहे, तिने रोज रांगेत यावे, अशी व्यवस्था आपल्याला नको आहे. तिच्या घरात डबा भरलेला असावा आणि तिने आपल्या चुलीवर आपल्या वेळेला भाकरी थापावी, हे उद्दिष्ट असले पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: कायद्याने तिचे असलेले धान्य तिला मिळणे, आणि कायदा जिथे थांबतो तिथे मोहल्ल्याची स्वतःची कोठी असणे.

कायद्याचे धान्य आणि कायद्याबाहेरची माणसे

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 साली झाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य, असा हा हक्क आहे. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे आणि 1 जानेवारी 2024 पासून ही सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील 18 वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे, असेही हाच कायदा सांगतो.

आता अडचण पाहा. महाराष्ट्राला या कायद्याखाली सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे. ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरी भागात 45.34 टक्के लोकसंख्या यात येते, आणि ही लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची आहे. त्यानंतर शहरे किती फुगली हे वाळूज आणि चिकलठाण्याकडे पाहिले तरी कळते. लोक वाढले, कोटा तोच राहिला. नवा अर्ज केला की उत्तर मिळते, इष्टांक संपला आहे.

दुसरी अडचण उत्पन्नाची. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वार्षिक 59,000 रुपये आणि ग्रामीण भागात 44,000 रुपये ही मर्यादा आहे. शहराची मर्यादा 365 ने भागली तर दिवसाला सुमारे 162 रुपये येतात, आणि तेही पूर्ण कुटुंबाचे. मोंढ्यावरचा हमाल, रिक्षा चालवणारा, चार घरी धुणीभांडी करणारी बाई, यांच्यापैकी कोण प्रामाणिकपणे या रेषेखाली बसेल? म्हणजे माणसाने एकतर खोटा दाखला आणावा किंवा हक्क सोडावा. गरिबाला खोटे बोलायला लावणारी मर्यादा बदललीच पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

तिसरी अडचण शेतकऱ्यांची. मराठवाड्याचे सर्व जिल्हे, विदर्भातील अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा, अशा 14 जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून सवलतीचे धान्य मिळत होते. 2023 मध्ये धान्य बंद करून माणशी दरमहा 150 रुपये खात्यात देण्याचे ठरले, पुढे ते 170 झाले. खात्यात आलेला पैसा औषधाला जातो, मोबाइलच्या रिचार्जला जातो, कर्जाच्या हप्त्याला जातो. डब्यातले धान्य मात्र पोटातच जाते. घर चालवणारी प्रत्येक स्त्री हा फरक ओळखते.

चौथी अडचण अंगठ्याची. ई-केवायसीच्या काळात विटा, सिमेंट आणि भांड्यांच्या पावडरीने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. वृद्ध माणूस तीन वेळा दुकानात जातो आणि मुकाट्याने परत येतो. चौथ्यांदा तो जात नाही. कागदावर हे प्रकरण तिथेच मिटते.

या त्रुटींची किंमत आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजूर मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे, मध्य प्रदेशातले हे लोक गावाकडे चालत निघाले होते आणि थकून रुळांवर झोपले होते. सोबत बांधून घेतलेल्या रोट्या रुळांवर विखुरल्या होत्या. काम गेले होते, आणि परक्या राज्यात त्यांच्या नावाचे रेशन नव्हते. पुढे 29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना 31 जुलैपर्यंत ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजना लागू करण्याचा आणि स्थलांतरितांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवण्याचा आदेश दिला. आज बिहारचे कार्ड असलेला मजूर वाळूजला धान्य उचलू शकतो. पण हे त्याला सांगितले कोणी? जुम्याच्या खुतब्यानंतरची दोन मिनिटे आणि मशिदीच्या सूचनाफलकावरचा एक कागद, एवढ्यावर शेकडो माणसांपर्यंत ही माहिती पोहोचू शकते.

पोट भरते, पोषण होत नाही

भूक म्हणजे रिकामे पोट एवढेच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि 25.6 टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. राज्य श्रीमंत आहे, गोदामात गहू-तांदूळ आहे, तरी ही अवस्था आहे.

आपल्या भागाचे अन्न ज्वारी आणि बाजरी आहे. शहराची ख्याती नान-खलियाची असली तरी रोजचे पोट भाकरीवर चालत आले. बाजरीत लोह आहे. दोन्ही धान्ये कमी पाण्यात येतात, आणि कडबा जनावराला होतो. तरी मराठवाड्याच्या शेतात सोयाबीन आणि कापूस वाढत गेला, ज्वारी मागे पडली. कारणे उघड आहेत: काढणीला मजूर मिळत नाही, पाखरे राखावी लागतात, आणि भावाची खात्री नसते. रेशनवर वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळच आल्याने गरिबाच्या ताटातून भाकरी गेली आणि ती हॉटेलच्या थाळीत महाग होऊन बसली. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य पहिल्यापासून आहे, त्याची किंमत तर सर्वांत कमी, किलोला 1 रुपया ठरलेली होती. म्हणजे मराठवाड्यात रेशनवर ज्वारी-बाजरी देण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. खरेदी केंद्र वेळेवर उघडणे आणि खरेदी केलेले धान्य त्याच विभागात वाटणे, एवढे पुरे आहे.

या कामात शेतकरी स्त्रिया आधीच पुढे आहेत. धाराशिव आणि लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ‘एक एकर’ची पद्धत रुजवली. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर तुकडा बाईने मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पीक न घेता घराला लागणारे धान्य, डाळी आणि भाजीपाला पिकवायचा. आधी घर खाते, उरलेले बाजारात जाते. या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या बाईकडे उरलेली ज्वारी विकायला आहे आणि ज्या मोहल्ल्याला ज्वारी हवी आहे, त्यांची गाठ घालून देणे हे आपले काम आहे.

मोहल्ल्याची कोठी

हे कसे करायचे? आकडेमोड अवघड नाही. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. 2025-26 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये आहे. वाहतूक आणि हमाली धरून किलोला 40 रुपये पडले असे समजू. शंभर कुटुंबांनी एकेक हजार रुपये जमा केले तर 1 लाख रुपयांत 25 क्विंटल ज्वारी येते. जून ते सप्टेंबर हे चार महिने कामाच्या दृष्टीने कठीण. या काळात एका कुटुंबाला दरमहा 10 किलो ज्वारी दिली, तर 62 कुटुंबांची सोय होते. ज्यांना शक्य आहे त्यांनी खरेदीच्या भावाने घ्यावी, ज्यांना शक्य नाही त्यांचा भार इतरांनी उचलावा. विक्रीतून आलेला पैसा पुढच्या फेब्रुवारीला पुन्हा ज्वारीत घालावा. भाव चढा असला तर क्विंटल कमी येतील, पद्धत तीच राहील.

पीठ वाटण्यापेक्षा धान्य वाटणे बरे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरा पडतात. आठवड्याचे दळण गल्लीतल्या गिरणीवर व्हावे, म्हणजे गिरणीवाल्याचाही धंदा चालेल. वाळूजजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबांना मोफत दळण देऊन दाखवले आहे. साठवणही जुनीच विद्या आहे: धान्याला कडक ऊन द्यायचे, कोठी कोरडी ठेवायची, कडुनिंबाचा पाला घालायचा.

पैशाच्या बाबतीत एक काळजी आवश्यक आहे. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, त्यामुळे जकातीची रक्कम सर्वांसाठी खुल्या असलेल्या खरेदीत मिसळू नये. दोन वेगळी खाती ठेवावीत. एक जकातीचे, त्यातून केवळ पात्र कुटुंबांचा वाटा भरावा. दुसरे सदका, देणग्या आणि कर्जे-हसना, म्हणजे बिनव्याजी ठेवींचे. त्यातून सर्वधर्मीय शेजाऱ्यांसाठी खुली कोठी चालावी. दर महिन्याला जमाखर्च फलकावर लावावा. फित्र्याचा मूळ हिशोबही धान्याच्या मापातच आहे: गहू, जव, खजूर, मनुके, म्हणजे त्या भूमीतले लोक जे खात होते ते. ईदच्या आदल्या रात्री वाटलेली रक्कम खरेदीत संपते. हकदार कुटुंबाने मान्य केले तर त्यातला काही भाग धान्यरूपाने त्याच्या घरी पोहोचवता येईल.

शहरात याची जुनी आठवण उभी आहे. पाणचक्की आज सहलीची जागा झाली असली तरी ती बांधली गेली बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर, विद्यार्थी आणि वाटसरूंचे धान्य दळण्यासाठी. सुमारे 6 किलोमीटर अंतरावरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले, त्यावर जाते फिरवले, त्या पिठाची रोटी मुसाफिराला मिळाली. लंगर चालवायचा तर पाणी, जाते आणि धान्य यांची कायमची सोय आधी लागते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

एकट्याने होणार नाही

ही कोठी केवळ मशिदीची राहिली तर तिचे बळ निम्मे होईल. उस्मानपुऱ्यात गुरुद्वारा आहे, आणि रोजच्या लंगरचा शिधा, स्वयंपाक आणि स्वच्छता कशी सांभाळावी हे शीख बांधवांइतके कोणाला ठाऊक आहे? बौद्ध वस्तीतले महिला बचत गट वर्षानुवर्षे हिशोब ठेवत आले आहेत. 1975 साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे गट शहरात आणि गावात दोन्हीकडे आहेत. यांच्यासोबत बसून एक समिती करावी आणि तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात. घरात किती पीठ शिल्लक आहे हे पुरुषांना सहसा माहीत नसते. शिजवलेले अन्न वाटायचे असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. लग्नातले उरलेले अन्न गोळा करून वाटण्यासाठी 2019 चे वेगळे नियम आहेत, तेही पाळावेत. एका विषबाधेने दहा वर्षांची खिदमत मातीत जाते.

हीच समिती रेशन दुकानाकडेही लक्ष देईल. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 28 मध्ये सामाजिक अंकेक्षण आहे, कलम 29 मध्ये दक्षता समित्या आहेत. कलम 12 तर आपल्याच कामाचे आहे: रेशन दुकाने चालवण्यात महिला गट आणि सहकारी संस्थांना प्राधान्य द्यावे, आणि स्थानिक वितरण व्यवस्था व धान्य बँकांना पाठबळ द्यावे, असे त्यात नमूद आहे. तक्रारीसाठी 1967 हा क्रमांक, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग, अशी पायरी आहे. या पायऱ्या चढणारा माणूस हवा. अंगणवाडीच्या आहाराबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच ठेकेदारांना दूर ठेवून गावसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळांना काम देण्यास सांगितले होते. आपल्या वस्तीच्या अंगणवाडीत पाकीट येते की ताजा खाऊ, आणि तो कोण बनवते, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

मोहल्ल्यापासून राज्यापर्यंत

एवढ्या छोट्या कोठ्यांनी राज्याचे काय होणार, असे कोणी विचारेल. शेजारच्या तेलंगणातील जहिराबादकडे पाहावे. तिथे 1990 च्या दशकात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांच्या संघांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, कर्जाची फेड ज्वारीच्या रूपाने केली, ती गावातच साठवली आणि गावानेच ठरवलेल्या गरीब घरांना स्वस्तात दिली. कर्नाटकात रेशनवर दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी देण्याची पद्धत आली. ओडिशाने 2017 मध्ये भरड धान्याचे अभियान सुरू केले आणि आदिवासी जिल्ह्यांत नाचणी शेतकऱ्यांकडून घेऊन रेशनवर दिली, अंगणवाडीत तिचे लाडू दिले. ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान 30 टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखून ठेवली. गावाने करून दाखवलेले राज्याला नाकारता येत नाही, हा या उदाहरणांचा अर्थ आहे. महाराष्ट्रातही रोजगार हमीचा विचार आधी राबवला गेला आणि मग देशाचा कायदा झाला.

म्हणून राज्य सरकारकडे आमच्या चार मागण्या आहेत. उत्पन्नाची मर्यादा आजच्या मजुरीशी जोडावी. शहरी इष्टांक वाढवून घेण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा. मराठवाड्यात खरेदी केलेली ज्वारी-बाजरी मराठवाड्याच्या रेशनवर आणि शाळांच्या ताटात द्यावी. आणि कलम 12 नुसार वस्ती पातळीवरच्या धान्य बँकांसाठी नियम व निधी द्यावा.

आणि वाचकांकडे एकच विनंती आहे. पुढच्या महिन्याभरात आपल्या गल्लीची यादी करा: कोणत्या घराकडे कोणते कार्ड आहे, कोणाचे नाव सुटले आहे, कोणाचा अंगठा उमटत नाही, कोणत्या घरात गरोदर बाई किंवा लहान मूल आहे. ही यादी मशिदीत, विहारात, गुरुद्वारात आणि मंडळाच्या कार्यालयात मांडून एकत्र बसा. रब्बीची ज्वारी निघायच्या आत शंभर घरांची नोंद झाली, तर येणाऱ्या पावसाळ्यात उस्मानपुऱ्यातल्या साठ घरांच्या डब्यात धान्य असेल. त्यासाठी आपल्याला कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.